चित्राला पाटी लावा हो!

प्रति,
संकेतस्थळं सजवणारे सन्माननीय कलाकार यांस,
(नाव घालत नाही. चोराच्या मनात चांदणं असतंच.)

सा. न. वि. वि.

प्रथम आपलं अभिनंदन. गुरुवारी बिबवेवाडीत पाणी येणार नाही, ही बातमी आपण माझ्यापासून शेवटपर्यंत गुप्त राखलीत. सूचना संकेतस्थळावर होती म्हणे! निळ्या रंगावर पिवळी अक्षरं आणि कोपऱ्यात रडका नळ. मी दृष्टिहीन. पडद्यावरचं मला 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. आपल्या चित्रापाशी येऊन तो खणखणीत आवाजात म्हणाला, "ग्राफिक, लिंक, आयएमजी डॅश डब्ल्यूए शून्य शून्य शून्य चार." एवढ्या माहितीवर किती बादल्या भरून ठेवायच्या, तेही कळवलं असतंत तर बरं झालं असतं.

त्या बिचाऱ्याचा दोष नाही. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला. तो फुकट मिळतो, मराठीही बोलतो. पण चित्रात कोंबलेली अक्षरं त्याच्या लेखी नुसते ठिपके. म्हणून तर एचटीएमएलमध्ये 'ऑल्ट' नावाची जागा ठेवली आहे. चित्राचं म्हणणं तिथे ओळभर लिहायचं. वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९९ मध्ये आली, त्यातला पहिलाच नियम हा. पण आपल्याला घाई कसली!

आपण काहीच लिहीत नाही, असंही नाही. कुठे "फोटो" एवढंच लिहिता. कुठे गूगलला खूश करायला "बिबवेवाडी फ्लॅट पुणे फ्लॅट स्वस्त फ्लॅट" असा जप लावता. त्या जपात फ्लॅटला खोल्या किती, हे तेवढं राहून जातं.

आणि हे पुण्यात! जिथे बेल कितीदा वाजवावी याचीही पाटी लागते, तिथे चित्राला दोन शब्द मिळू नयेत? तेव्हा आपण पाटीच लिहा : "गुरुवारी बिबवेवाडी व अप्पर इंदिरानगरमध्ये दिवसभर पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येईल." झालं काम. नळ रडतोय हे नाही सांगितलंत तरी चालेल, आमचं आम्ही रडू. मजकूर मोठा असेल तर तो चित्राबाहेर सरळ टाइप करा. नुसती वेलबुट्टी असेल तर ऑल्ट घाला, पण रिकामा सोडा. रीडर मुकाट्याने पुढे जातो. ऑल्टच नसेल तर मात्र तो फाइलचं नाव घोकत बसण्याची शक्यता असते.

"हल्ली यंत्रच चित्र ओळखतं," असं आपण म्हणाल. ओळखतं ना! "निळ्या रंगावर एक नळ" इतपत सांगतंही. पण तो नळ तिथे कशाला लावला, हे लावणाऱ्यालाच ठाऊक.

बाकी कायद्याचा धाक आपल्याला काय घालायचा! २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहेच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. निकालपत्राचाही आपण एखादा सुबक फोटो लावाल, म्हणून इथेच लिहून ठेवलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बिबवेवाडीतला एक कोरडा नागरिक

ता. क. : हे पत्र संकेतस्थळावर घ्यावंसं वाटलं, तर कृपया टाइप करून घ्यावं. फोटो काढून चिकटवू नये.