खाडीकाका

हैदराबादला समुद्र नाही, ही गोष्ट आजवर दोनच माणसांनी मनाला लावून घेतली. पहिला सातवा निजाम. कुतुबशाहीच्या काळात भरभराटलेलं मच्छलीपट्टणचं बंदर अठराव्या शतकातच निजामांच्या हातून गेलं होतं. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या संस्थानाला बंदर हवं म्हणून 1947च्या सुमारास त्याने पोर्तुगीजांकडून गोवा, निदान मुरगाव तरी मिळतंय का, याची खटपट करून पाहिली. जमलं नाही. सप्टेंबर 1948मध्ये संस्थानच गेलं, त्यामुळे बंदराचा प्रश्न आपोआप निकालात निघाला.

दुसरे आमच्या बरकतपुऱ्यातल्या इमारतीतले खाडीकाका. त्यांना निजामाइतका त्रास पडला नाही. नोकरीच्या निमित्ताने दापोली तालुक्यातून इकडे आले, तेव्हा समुद्र ते बरोबरच घेऊन आले.

काकांचं गाव आंजर्ले आणि केळशी यांच्या मधे कुठेतरी आहे. नाव लिहीत नाही, कारण सातबाऱ्यावर इतके भाऊबंद आहेत की त्यातला एक तरी हा मजकूर वाचणारच. गावात काय आहे, हे मात्र इमारतीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. जांभ्याचं घर, पडवी, मागे माड-पोफळींचं आगर, आगराला गडगा, गडग्यापलीकडे पुळण आणि पुळणीपलीकडे थेट अरबस्तान. ‘शांतता म्हणजे काय, हे तुम्हां हैदराबादकरांना कळायचंच नाही हो,’ हे वाक्य काका काचीगुडा चौकात रिक्षांच्या भोंग्यांवर आवाज चढवून म्हणतात. शांततेविषयी इतक्या मोठ्याने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काकांचं घड्याळ समुद्राचं आहे. भिंतीवर कालनिर्णय, आणि हिशोब कोकणातला जुनाच: तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हिशोब चोख आहे, तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी, की आम्ही समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर, खडकाळ पठारावर राहतो. तरीही इमारतीची वार्षिक सभा ऐन रंगात आली की काका मनगटाकडे बघून जाहीर करतात, ‘पाणी चढलं.’ आमचा वॉचमन महबूबनगरचा. त्याला वाटतं गच्चीवरची टाकी भरली, आणि तो मोटार बंद करायला धावतो. त्या पायी इमारतीने कितीतरी सकाळी बिनपाण्याच्या काढल्या आहेत. पण काकांना कोणी बोलत नाही. माणूस लाघवी आहे, आणि मे महिन्यात गावाहून येणाऱ्या कोकमांतला वाटा घरोघर देतो.

हुसेनसागर त्यांना मान्य नाही. सोळाव्या शतकातल्या एवढ्या मोठ्या तलावाला ते ‘ते डबकं’ म्हणतात. 1990मध्ये बुद्धाचा प्रचंड अखंड पुतळा नेताना तराफा कलंडला आणि पुतळा तळाशी गेला. तो वर काढून उभा करायला 1992 उजाडलं. ‘आमच्या हर्णैच्या खलाशांना बोलावलं असतं तर?’ एवढंच काका विचारतात. पुढे काय झालं असतं ते सांगत नाहीत. पूर्वेचा समुद्रही त्यांच्या हिशोबात नाही. बापटल्याच्या सूर्यलंकेला इमारतीची सहल निघाली, तेव्हा पहाटे सगळे पाण्यातून वर येणारा सूर्य बघत उभे, आणि काका पाठ फिरवून. म्हणाले, ‘सूर्याने समुद्रात बुडायचं असतं. हा काय उलटा कारभार!’

माशांच्या बाबतीत तर विचारूच नका. रामनगरच्या बाजारात कोरमीनु म्हणजे आपली मरळ विकत घेताना त्यांचा चेहरा लाच घेणाऱ्या माणसासारखा होतो. जूनमध्ये मृगशिरा कार्ती लागली की सगळं तेलंगण मासे खातं, आणि नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दमेकऱ्यांची रांग लागते. बत्तिनी घराण्यातली माणसं त्यांना औषध भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. काकांना यात वैद्यकाचा आक्षेप नाही, पंचांगाचा आहे. मृगात मासा? कोकणात तोवर होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना सरकारची बंदी, आणि त्याच्याही आधीपासून निसर्गाची. आगोटीची खरेदी झालेली, फळीवर सुके बोंबील, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत गप्प बसायचं. दमा मृगात उठतो हे दमेकऱ्याचं चुकतं, असा काकांच्या म्हणण्याचा एकूण रोख.

3 जून 2020ला निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मात्र काका सबंध आठवडा भरती-ओहोटीवर एक अक्षर बोलले नाहीत. दापोली-मंडणगडातली आगरं झोपली होती, खांब आडवे, वीज नाही, फोन नाही. चुलतभावाचा आवाज ऐकू आला तो बऱ्याच दिवसांनी, आणि त्यानेही फक्त पोफळी आणि कौलं यांचाच हिशोब दिला. हा समुद्र काकांच्या गोष्टींत कधी आलेला नव्हता.

त्यावर काकू म्हणाल्या, ‘हौ, मग आता जाऊन बघायला नक्को का?’

काकूंबद्दल सांगायला हवं. त्या जन्माने चप्पल बाजारच्या, शाळा विवेकवर्धिनी. लग्नाआधी त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी गंडीपेटचं. चाळीस वर्षं त्यांनी समुद्र ऐकला आणि तोंडातून ब्र काढला नाही. काका निवृत्त झालेले, मुलगा बंगळूरला. उरलं काय होतं? दोघांनी घर आवरलं आणि निघाले. शहाणा माणूस पुण्याला उतरून स्वारगेटहून दापोलीची एसटी धरतो. काकांनी हुसेनसागर एक्स्प्रेसने थेट मुंबई गाठली, तिथून कोकण रेल्वेने खेड, तिथून दापोली, आणि दापोलीहून मुक्कामाची गाडी. कोकणात असंच जायचं असतं म्हणाले.

पुढची हकीकत काकूंकडून कळलेली, तेव्हा खरी धरायला हरकत नाही.

पहिल्या रात्री काकांना झोप लागली नाही. आवाज फार! भरतीची गाज म्हणजे काही बासरी नव्हे. रात्रभर दाराशी मालमोटार सुरू ठेवल्यासारखं चालतं. ‘खिडकी लाव गं,’ काका म्हणाले. पहाटे कोंबडे, सकाळी पत्र्यावर वानरं, दुपारी देवळाचा कर्णा. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या पुळणीवर उतरून वाळूत रुतायच्या, मग त्या ढकलायला गाव जमायचं. टीव्ही खाऱ्या हवेने गेला, कुलूप गंजलं, कड्या गंजल्या, काकांच्या चष्म्याचा स्क्रूसुद्धा. वीज येऊन जाऊन. मोबाइलला रेंज हवी तर सड्यावरच्या टाकीपाशी चढायचं. दाढ दुखली तर दापोली, आणि दुपारची गाडी चुकली तर दाढेला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगायचं.

काका पडवीत बसून इराणी चहाविषयी बोलू लागले. ‘उस्मानिया बिस्किट म्हणजे काय, हे तुम्हां लोकांना कळायचंच नाही हो,’ असं त्यांनी चुलतभावाला सांगितलं. चुलतभाऊ भला माणूस, सुपाऱ्या सोलत ऐकून घ्यायचा. गावाने महिन्याभरात त्यांचं नाव ‘चारमिनार’ ठेवलं.

आणि काकू? पदर खोचून त्यांनी आगर साफ करून घेतलं. नव्या पोफळी लावल्या. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात हे कुणीतरी सांगितलं, तर म्हणाल्या, ‘मला कुठं जायचंय?’ मासेवाल्या मोहल्ल्यातल्या बायांशी त्यांचं दखनी हिंदीत असं जमलं, की टोपली आधी त्यांच्या अंगणात उतरू लागली. भाव करण्यात सुलतान बाजारात तयार झालेल्या बाईपुढे हर्णैच्या लिलावातली माणसंही जरा जपून बोलतात. वानरांना त्या तेलुगूत हाकलतात. ‘पो रा!’ म्हणजे चालता हो. सुरुवातीला ही आरोळी ऐकून शेजारचा मुलगाच ‘काय काकू?’ म्हणत धावत यायचा. आता वानरंही समजतात आणि मुलगाही.

तिथे राहणं म्हणजे शांतता भोगणं नव्हे, दिवसभर कशाशी तरी झटापट करणं असतं. वारा, गंज, वानर, वाळवी, तलाठी. ज्याला हातपाय हलवायची हौस आहे त्याला तिथे करमतं. पडवीतून क्षितिज बघण्याचा तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. काकांचं प्रेम खोटं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ते अगदी खरं आहे, फक्त त्याला सातशे किलोमीटरची पथ्यं लागतात. दूरवर राहूनच रंगणारी माणसं असतात. अशी मंडळी तुम्हाला न्यू जर्सीत साताऱ्याबद्दल आणि साताऱ्यात न्यू जर्सीबद्दल बोलताना भेटतील.

पावसाच्या तोंडावर काका ‘घरपट्टी भरून येतो’ म्हणून हैदराबादला आले. घरपट्टी भरली. मग विजेच्या मीटरचं काही निघालं, मग सोसायटीच्या रंगकामाचं. आता ते पूर्ववत गॅलरीत उभे असतात आणि समुद्राच्या वेळा सांगतात. रोज संध्याकाळी काकूंना फोन होतो. परवा मी तिथेच होतो. काका म्हणाले, ‘आज अष्टमी, सहाला पूर्ण भरती असेल हो तुमच्याकडे.’ पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं. ‘मला कशाला सांगता? सड्यावरून समोर दिसतीय की. ते सोडा, कुरिअरने बिस्किटं पाठवा, इथल्या बाया मागतायत.’

तेव्हा आपल्यापैकी कुणाला किनाऱ्यावरच्या निवांत खेड्यात कायमचं राहायला जायचा विचार असेल, त्यांनी चौकशी काकूंकडेच करावी. फोन संध्याकाळी सहा ते साडेसहा, त्या टाकीपाशी असतात तेवढाच वेळ लागतो. काकांना विचारू नये. ते हो म्हणतील.