घराणं दाखवा, मग आकाशगंगा वाचवा

'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांना शेवट हवा असतो नवाकोरा, फक्त आधी पाहिलेला. 2017 मध्ये 'द लास्ट जेडाय' या सिनेमाने सांगून टाकलं, की नायिका रे कुणा बड्या घरची नाही, आईबाप भंगार विकणारे. केवढा गहजब! आकाशगंगा वाचवायला निघाली आणि खानदानाचा पत्ता नाही? मग 2019 मध्ये 'द राइज ऑफ स्कायवॉकर'ने घाईघाईने कूळ शोधलं. पोरगी निघाली सम्राट पॅल्पटीनची नात. हे आजोबा 1983च्या सिनेमातच खोल खाईत पडून मेले होते, पण नातीसाठी उठून बसले. (सिनेमातले व्हिलन असेच मरतात म्हणा.) चाहत्यांची एक मागणी मात्र रास्त होती. 1977च्या सिनेमात नायक ल्यूक आणि हानच्या गळ्यात पदकं पडली, त्यांचा केसाळ साथीदार च्युबाका नुसता गुरगुरत बाजूला उभा. ते पदक त्याच्या हातावर टेकवलं 42 वर्षांनी. व्याजाचं कुणी नावच काढलं नाही.