रकान्यांचा कारभारी

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जगात तोटा नाही; लिहिलेला प्रोग्रॅम मूळ मसुद्यासकट बिनमोबदला वाटून टाकणारे उदारधीही, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची द्वाही फिरवल्यापासून, मुबलक झाले; परंतु त्या दानाची नोंद कोणत्या रकान्यात, डावीकडे किती जागा सोडून आणि अखेरीस पूर्णविराम देऊन की न देऊन करावी, या विवंचनेने ज्याची झोप उडते असा मनुष्य विरळा, आणि मला सांगावयाचे आहे ते त्याच्याविषयी. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फुकट मिळणाऱ्या कंपायलरांची व इंटरप्रिटरांची एक जाडजूड सूची अमेरिकेतील संगणकांवरून फिरत असे. ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही जात चटकन ओळखता येईल. भाषा, पॅकेज, आवृत्ती, घटक, कोठून मिळवावे, कर्ता, वर्णन, दोष, मर्यादा, कोणत्या यंत्रांवर चालते, अखेरची दुरुस्ती केव्हा, असे एकाखाली एक रकाने त्यात इतक्या शिस्तीने उभे असत की पेशवे दप्तरातल्या मुरब्बी कारकुनानेही मान डोलवावी.

हा गृहस्थ स्वतः भाषा निर्माण करीत नाही. ती करणारा बहुधा एखाद्या विद्यापीठातला संशोधक असतो. लिस्प या भाषेच्या अगणित पोटजातींत आपण घातलेली भर ही अखेरचीच असून यापुढे कोणास नवी भाषा रचण्याचे प्रयोजन उरणार नाही, अशा आशयाचा सविस्तर खलिता तो रवाना करतो, आणि त्या खलित्यात तत्त्वज्ञान, पूर्वसूरींचे अज्ञान व स्वतःचा विनय हे सारे असून, ती वस्तू मिळेल कोठे एवढेच तेवढे नसते. सूचीकाराचे उत्तर दोन ओळींचे असते: ‘कोठून मिळवावे’ हा रकाना कोरा आहे, वर्णनाच्या चौथ्या ओळीत ८० हून अधिक अक्षरे आहेत. आता ८० च का, असे विचारण्याची कोणाची छाती होत नाही. आयबीएमने १९२८ साली काढलेल्या भोकांच्या कार्डावर ८० स्तंभ होते. कार्डे केव्हाच रद्दीत गेली, मर्यादा मात्र वंशपरंपरेने पडद्यावर उतरली, आणि आमचा कारभारी तिचा इमानी रखवालदार आहे.

अक्षरांच्या लहानमोठेपणाविषयी तो विलक्षण सोवळा आहे. ‘एडा’ हे नाव सगळ्या मोठ्या रोमन अक्षरांत लिहिणाऱ्यास तो तत्काळ समज देतो की, ही आद्याक्षरांची मोळी नव्हे, हे एका स्त्रीचे नाव आहे, आणि एडा लव्हलेस हिचा जन्म १८१५ सालचा म्हणूनच अमेरिकी लष्कराने या भाषेच्या प्रमाणाला १८१५ हा क्रमांक दिला. पर्ल ही भाषा म्हणून आली तर पहिले अक्षर मोठे, तीच भाषा चालवणारा प्रोग्रॅम म्हणून आली तर लहान. आणि ‘अॅन्सी सी’ ही नोंद ‘अ’ खाली लावावी की ‘सी’ खाली, या वादात त्याने कित्येक स्नेही गमावले आहेत. तारखेच्या बाबतीत मात्र मी निःशंकपणे त्याच्या बाजूचा आहे. ४/५/९२ हा दिवस अमेरिकेत एप्रिलचा आणि इंग्लंडात मेचा ठरतो. तेव्हा आधी पूर्ण वर्ष, मग महिना, मग दिवस हे त्याचे फर्मान जगाने निमूटपणे मानले असते तर पुष्कळ घोटाळे टळले असते.

त्याची खरी कसोटी लागते ती ‘दोष’ या रकान्यापाशी. पुष्कळ कर्ते तो कोरा सोडतात, कोणी ‘नाहीत’ असे लिहितात, आणि हे दुसरे उत्तर त्याला पहिल्याहून अधिक संशयास्पद वाटते. डोनाल्ड क्नुथ यांनी तर त्याची पंचाईतच करून ठेवली आहे. त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची आवृत्ती ३.१, ३.१४, ३.१४१ अशी गणितातल्या ‘पाय’ या संख्येकडे सरकत जाते, आणि आपल्या मृत्यूनंतर ती साक्षात ‘पाय’ व्हावी व तोवर राहिलेले दोष कायमची वैशिष्ट्ये समजली जावीत, असे त्यांनी १९९० साली जाहीर करून टाकले. क्नुथ यांना दीर्घायुष्य चिंतणाऱ्यांत आमचा सूचीकार अग्रभागी असतो, कारण त्या दिवशी एका रकान्यातला मजकूर उचलून दुसऱ्या रकान्यात न्यावा लागेल.

थट्टेखातर रचलेल्या भाषाही त्याच्याकडे येतात. इंटरकॅल ही १९७२ सालची प्रिन्स्टनची भाषा अशी की, प्रोग्रॅममध्ये ‘कृपया’ हा शब्द कमी वेळा आला तर कंपायलर त्याला उद्धट ठरवून नाकारतो, आणि फार वेळा आला तर लाळघोट्या ठरवून नाकारतो. ही नोंद त्याने तिळमात्र न हसता, वर्णानुक्रमाने, योग्य त्या जागी दाखल केली; विनोदासाठी सूचीत रकाना नाही.

वाचकांपैकी कोणी आपला प्रोग्रॅम जगाला फुकट देणार असेल, तर त्याने तो अवश्य द्यावा. फक्त तो मिळेल कोठे हे आधी लिहावे, वर्ष चार अंकी घालावे, आणि दोषांचा रकाना प्रामाणिकपणे भरावा. कोरा ठेवल्यास अर्ज परत येईल.