प्रमादाची किंमत

लंडनच्या जॉन पाइनने १७३३ ते १७३७ या काळात लॅटिन कवी होरेस याचे समग्र काव्य, अक्षर न् अक्षर तांब्याच्या पत्र्यांवर कोरून, दोन खंडांत प्रसिद्ध केले. दुसऱ्या खंडात, १०८ व्या पृष्ठावर, सीझरच्या पदकावर 'पोटेस्ट'च्या जागी 'पोस्ट एस्ट' असे कोरले गेले, आणि पुढील प्रतींत ते सुधारले. तेव्हापासून संग्राहकांच्या दरबारी चुकलेली प्रत अव्वल व सुधारलेली दुय्यम ठरली आहे. हा न्याय सर्वथैव स्तुत्य होय. कारण शुद्ध पाठ काय, कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळतो. तेव्हा १७११ साली होरेसच्या पाठात शेकडो दुरुस्त्या करणाऱ्या रिचर्ड बेंटलीवर मालमत्तेच्या नुकसानीबद्दल मरणोत्तर फिर्याद गुदरावी, आणि डुलकी लागलेल्या मुद्रितशोधकांच्या वारसांस वंशपरंपरागत इनाम द्यावे, अशी आमची नम्र शिफारस आहे.

खरेदीचा विधीही तितकाच अनुकरणीय. विक्रेता अदबीने नेमके तेच पान उघडतो, गिऱ्हाईक भिंग लावून अपराधाची खातरजमा करते, रक्कम चुकती होते, आणि मोरोक्को चामड्यात बांधलेले उभय खंड कुलुपात जातात. होरेसच्या नावावर वाचला गेला तो एवढाच मजकूर. आणि तो होरेसचा नव्हे, पदकाचा.