दिवंगत वडिलांस मेडल मिळवून देण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्यांचे वडील फौजेत भरती झाले, लढाईला गेले, धडधाकट परत आले, पेन्शनीवर गावात राहिले, ग्रामसभेत भांडले आणि हक्काची मेडलं न घेताच वारले, अशा वारसांसाठी सदर मार्गदर्शिका आहे. ज्यांचे वडील अफसर होते त्यांनी ती वाचण्याचे कारण नाही. त्यांची मेडलं घरी काचेत आहेत आणि खाली पितळी पट्टीवर नावही आहे.

प्रथम एक खुलासा. शौर्यपदक अर्ज करून मिळत नाही. त्याची शिफारस त्या वेळी, त्या पलटणीतून, वर जावी लागते. पन्नास वर्षांनी मुलानं ‘आमचे वडील फार शूर होते’ असं लिहून देऊन भागत नाही. आमच्या बाबतीत तर आईच उलटी साक्ष देईल. आबा पालीला घाबरायचे.

आपला विषय आहे हजेरीची मेडलं, म्हणजे ‘हा माणूस तिथे होता’ एवढंच सांगणारी. १९६५ ला सीमेवर होता तर समर सेवा स्टार. १९७१ ला पूर्वेकडे होता तर पूर्वी स्टार, पश्चिमेकडे होता तर पश्चिमी स्टार. कुठंही असला, नोकरीत असला, तर संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला वर्दीत होता म्हणून स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडल. नऊ वर्षं नोकरी झाली की एक, वीस झाली की आणखी एक. थंडीत कुडकुडला असेल तर सैन्य सेवा मेडलावर ‘हिमालय’ अशी पट्टी. थोडक्यात, माणूस पंधरा-वीस वर्षं निमूट नोकरी करत राहिला तरी छातीवर ओळ भरते.

मग ती मिळाली का नाहीत? मिळायची, पण सावकाश. मेडल सरकारी टांकसाळीत पडणार, मग त्यावर नाव उमटणार, मग ते पलटणीत येणार. तोवर पलटण दुसरीकडे गेलेली आणि जवान घरी गेलेला. मधल्या काळात परेडला छाती रिकामी चालत नाही. म्हणून छावणीच्या बाजारात फौजी सामानाची दुकानं असतात, तिथून विकत घ्यायची. दिल्ली कँटातला गोपीनाथ बाजार यासाठी नावाजलेला. शिंप्याकडून फितीसकट पट्टीवर बसवून घेतली की काम झालं. आमच्या आबांची मेडलं अशीच बाजारातली. दर २६ जानेवारीला ती कोटावर लावून ते शाळेच्या झेंड्याला जायचे आणि आम्हा भावंडांना ती खरीच वाटायची.

खऱ्या-खोट्याची परीक्षा सोपी आहे. गोल मेडलाची कड उजेडात धरा. खऱ्या मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव उमटवलेलं असतं. बाजारातल्याची कड कोरी. आबांची कड कोरी निघाली तेव्हा मी त्यांना विचारलं, खरी मागितली का नाहीत? त्यांनी तपकीर ओढली आणि म्हणाले, “मागायचं काय त्यात? मी होतो ते त्यांला म्हाईत हाय की.”

हे उत्तर अर्जाला जोडता येत नाही. म्हणून पुढील नियम.

नियम पहिला : वडील नेमके कोणत्या आघाडीवर होते ते शोधावे.

आबांच्या डिस्चार्ज बुकात मेडलांच्या पानावर इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलं होतं, पी. एस. आता पूर्वी स्टारचीही आद्याक्षरं पी. एस. आणि पश्चिमी स्टारचीही पी. एस. ज्या कारकुनानं हे लिहिलं त्याला ते कळत असणार, कारण तो तिथेच बसलेला होता. आम्ही अर्धशतकानं बसलो होतो.

साक्षीपुरावे पाहू म्हटलं तर आबांनी लढाईविषयी उभ्या आयुष्यात जे सांगितलं ते असं : “नद्या लय. चालून चालून पाय सुजलं.” एवढंच. इतरांचे वडील कशी रंगवून सांगतात! १९७१ ला पूर्वेकडे झालेल्या जमालपूरच्या लढाईची ती गोष्ट तर सगळ्या पेन्शनरांना पाठ आहे. जंगी पलटणीनं, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीनं, गावाची वाट अडवलेली. आपल्या ब्रिगेडिअरनं पाकिस्तानी कर्नलला ‘शरण या’ म्हणून पत्र पाठवलं आणि त्यानं उत्तराच्या पत्रासोबत बंदुकीची एक गोळी गुंडाळून धाडली. मी ही गोष्ट पुस्तकात वाचून धावत आबांकडे गेलो होतो. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, “आसंल.”

नद्यांवरून पूर्व म्हणावं, तर रावी आणि बसंतर पश्चिमेला आहेत आणि त्याही नद्याच आहेत. शेवटी पुरावा मिळाला तो गोठ्यात. आबा बैलांना हाकताना ‘चोलो, चोलो’ म्हणायचे. लहानपणापासून आमची समजूत की ती बैलांची भाषा. चुलतभावाचे बैलही त्यावर चालायचे. पुढे कोलकात्याला एका लग्नाला गेलो, तर नवऱ्यामुलाचे मामा सगळ्या वऱ्हाडाला त्याच शब्दानं बसमध्ये चढवत होते. म्हणजे पूर्वी स्टार. पण बैल प्रतिज्ञापत्र करू शकत नाहीत आणि ते बैलही आता नाहीत, म्हणून मुकाट्यानं ‘कृपया आपल्या नोंदींवरून आघाडी तपासावी’ असं लिहावं. प्रत्येक जवानाच्या हालचालीची नोंद पार्ट टू ऑर्डरला पडलेली असते. मुलांना जे सांगितलं नाही ते माणूस पार्ट टूला सांगून गेलेला असतो.

नियम दुसरा : ट्रंक उघडावी.

काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आबांच्या ट्रंकेत वर विजेची बिलं, त्याखाली सोसायटीच्या खतांच्या पावत्या, त्याखाली एका म्हशीचा विमा (म्हैस जाऊन तीस वर्षं झाली), आणि तळाशी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत डिस्चार्ज बुक. त्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढावी, कोऱ्या पानांचीही. कोरं का, असं विचारणारा कोणी ना कोणी भेटतोच. नंबर पाठ करावा. आबांना तो शेवटच्या आजारातही इंग्रजीत घडाघडा यायचा. नातवंडांची नावं चुकायची, नंबर चुकला नाही.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल आणि वडिलांना पेन्शन नव्हती, तर घाई करा. पेन्शन न घेतलेल्यांची कागदं ठरावीक मुदतीनंतर, साधारण पंचवीस वर्षांनी, नष्ट केली जातात. मागे उरतो तो लाँग रोल, म्हणजे भरतीची मोठी नोंदवही. तिच्यात नंबरावरून नाव सापडतं.

नियम तिसरा : नावाचा घोळ निस्तरावा.

हा नियम सर्वांत मोठा आहे आणि तसाच राहणार.

भरतीच्या दिवशी वडिलांनी नाव सांगितलं मराठीत, हवालदारानं ऐकलं त्याच्या भाषेत आणि लिहिलं इंग्रजीत. त्यामुळे आधारवरचे आबा आणि रेकॉर्डवरचे आबा हे चुलत भाऊ वाटतात. जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रात त्या दिवशी इतकी माणसं जन्मली आहेत की शासनानं सुटी द्यायला हरकत नाही. गावाच्या नावात एक ‘एच’ जास्त, तालुक्याच्या नावात एक कमी. हिशेब बरोबर, पण अर्ज परत.

खरी मेख आईच्या नावात असते. लग्न झाल्यावर जवान ते पार्ट टू ऑर्डरला घालतो, तेव्हा बायकोचं नाव लिहिलं जातं. आबांनी लिहिलं माहेरचं. कारण विचारायला ते आता नाहीत, आणि असते तर ‘तेच तिचं नाव हाय’ म्हणाले असते. इकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरंच नाव लिहिलेलं. रेशनकार्डावर, मतदारयादीत, आधारवर तेच. म्हणजे सरकारदरबारी आबांच्या दोन बायका, आणि दोघी एकाच घरात नांदलेल्या. उपाय असा : दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि मग राजपत्र.

एक सावधगिरी. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन माहेरच्या नावानं दर महिन्याला बिनबोभाट येत असेल, तर मेडलापायी त्या नावाला हात लावू नका. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. गावात त्याला अजून सोल्जर बोर्ड म्हणतात. तिथे एखादे निवृत्त सुभेदार बसलेले असतात. त्यांना ‘साहेब’ म्हणावं आणि वडिलांची पलटण सांगावी. पलटण एक निघाली तर चहा येतो.

नियम चौथा आईनं रद्द केला. तो फ्रेमच्या आकाराबद्दल होता.

नियम पाचवा : अर्ज योग्य ठिकाणी धाडावा.

दिल्लीला धाडू नये. पंतप्रधानांना धाडू नये. वडील ज्या रेजिमेंटचे वा कोअरचे, तिच्या रेकॉर्ड ऑफिसला धाडावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडेवाल्यांचं नगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. आमच्या आबांचं यांपैकी कोणतं ते सांगत नाही, कारण तिथे आमचा अर्ज अजून आहे.

अर्ज आईच्या नावानं करावा. ती हयात असेल तर पहिली वारस ती. मुलगा फक्त पाकिटावर पत्ता लिहितो. त्यात नंबर, हुद्दा, नाव (रेकॉर्डला असेल तसंच, चूक दुरुस्त न करता), भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, शेवटची पलटण आणि कोणकोणती मेडलं हवीत त्यांची यादी. सोबत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, मृत्यूचा दाखला आणि आधार यांच्या प्रती. ‘माझ्या थोर पित्याने मातृभूमीसाठी रक्त सांडले’ हा परिच्छेद वगळावा. रक्त सांडलं असतं तर तीही नोंद मेडिकलच्या कागदात असती.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. फी दहा रुपये. तहसीलला चालणारं कोर्ट फी तिकीट केंद्र सरकारला चालत नाही, पोस्टल ऑर्डर लागते. ती पोस्टात मागितल्यावर पोस्टमास्तर ज्या नजरेनं पाहतात ती सहन करावी.

नियम सहावा : ओळखवाल्यांपासून सांभाळावे.

प्रत्येक घरात एक भावोजी असतात. ‘अर्जबिर्ज काय करतोस, माझा ब्रिगेडिअर मित्र आहे, एका फोनचं काम.’ फोन काही होत नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी भावोजींकडून तिरंग्यात न्हालेला सुप्रभात येतो. आमच्या भावोजींचे ब्रिगेडिअर अधिक चौकशीअंती ब्रिगेडिअरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी निघाले. माणूस चांगला. त्यांनी पाण्याच्या टाकीविषयी बरीच माहिती दिली.

नियम सातवा. गावच्या पुढाऱ्यांना कळू देऊ नये. कळलं तर मेडलाआधी फ्लेक्स येतो. त्यात पुढाऱ्यांचा चेहरा मोठा, त्यांच्या चिरंजीवांचा त्याहून थोडा लहान, आणि कोपऱ्यात आबा, भलत्याच रेजिमेंटची टोपी घालून.

नियम आठवा : धातूविषयी घरच्यांना आधीच सांगावे.

आईनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की चांदीचं आहे का? प्रश्न रास्त होता. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आले. त्या लढाईचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असायचं, आणि ते आमच्या थोरल्या आत्याच्या लग्नात जोडव्यांच्या रूपानं सासरी गेलं. संग्राम मेडल चांदीचं नाही, त्याची जोडवी होणार नाहीत, हे कळल्यावर आईचा उत्साह बराच ओसरला. “मग त्यांनी मागितलं न्हाई त्यात नवल काय,” ती म्हणाली. मी मानाबिनाचं काही बोलू लागलो. ती म्हणाली, मानाचं म्हणशील तर त्यांना कँटीनची रम वेळेवर आली की पुरे व्हायचं. आणि घरपट्टी आता सैनिकाची बायको म्हणून माफ झालीय, तो मान काय कमी आहे?

आणि तरी अर्जावर सही करताना तिनं डोक्यावर पदर घेतला. असं बाकी कुठल्या फॉर्मला केलेलं मी पाहिलेलं नाही.

नियम नववा : मेडल कोणी लावायचे?

जवान स्वतः डाव्या छातीवर लावतो. घरच्यांनी दिवंगताचं मेडल लावायचं तर उजव्या बाजूला. नातू हल्ली दोन्हीकडे लावून पाहतो, बाजारातली.

नियम दहावा : पोस्टमनला विश्वासात घ्यावे.

उत्तर येतं तेव्हा ते असं येतं : अर्ज मिळाला, नोंद तपासली, सदर मेडल उपलब्ध झाल्यावर वारसाच्या नोंदलेल्या पत्त्यावर पाठविण्यात येईल. नोंदलेला पत्ता म्हणजे आबा भरती झाले तेव्हाचा, मुक्काम पोस्ट, वाडी, मारुतीच्या देवळाजवळ. मारुती आता हायवेत गेला आहे आणि पोस्टमन नवा आहे. म्हणून गावात राहणाऱ्या एखाद्या शहाण्या माणसाचा फोन नंबर पाकिटावर लिहायला सांगावं, नि पोस्टमनला दिवाळीला फराळ द्यावा. पाकीट घेताना सही लागते, ती रेकॉर्डला असलेल्या नावानंच. आईला तसं बजावून ठेवलं आहे, की माहेरचं नाव लिही, आमचं नको. ती म्हणाली, “आधी येऊ दे.”