बहुभाषकराव

कोथरूडपासून बाणेरपर्यंत कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एखादे तरी बहुभाषकराव सापडतीलच. आमच्याकडचे पन्नाशीचे आहेत. आयटीतून लवकर निवृत्त झालेले, अंगात कच्छी भरतकामाचं जाकीट आणि खिशात कार्ड: 'संस्थापक आणि मुख्य श्रोता'. श्रोता कशाबद्दल, हे त्यांच्याशी बोलायला गेलेल्या कुणालाच विचारता आलेलं नाही. मध्ये जागाच मिळत नाही.

जर्मनची ए-वन त्यांनी मॅक्समुल्लर भवनात केली, रशियनचं पहिलं सत्र रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि जपानीची एन-फाइव्ह म्हणजे सगळ्यांत खालची पायरी, तिचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय. एवढ्या भाषांत ते स्वतःचं नाव सांगतात, हवेचं कौतुक करतात आणि स्टेशन कुठे आहे ते विचारतात. समोरचा रस्ता सांगायला लागला की मात्र दोघांनाही इंग्रजीवर यावं लागतं.

हा छंद होता तोवर घरच्यांनी निभावून नेलं. मग बहुभाषकराव सामाजिक उद्योजक झाले. कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली रीतसर नोंदणी केली. अशा कंपनीला झालेला नफा वाटून घेता येत नाही. ही अट पाळणं त्यांना अजून तरी जड गेलेलं नाही. बड्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर घालावे लागतात, त्यामुळे मार्च जवळ आला की कच्छी जाकीट इस्त्रीला जातं.

सादरीकरण ऐकण्यासारखं असतं, हे कबूल. 2011च्या जनगणनेत भाषा 121, आणि दहा हजारांहून कमी लोक बोलत असतील तर यादीत नावच नाही. गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणात मात्र 780. मग पडद्यावर निहाली येते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे दोन-अडीच हजार लोक बोलतात ती, जिचं जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी नातं जुळलेलं नाही. इथे त्यांचा आवाज फुटतो. नाटक नाही ते, खरंच फुटतो. मीसुद्धा एकदा पाचशे रुपये काढून दिलेत.

हा पाझर मराठीच्या वेशीवर आटतो. भाषा वेगळी असली की तो वारसा. मराठीच जरा वेगळी आली की ती चूक. लातूरचा ड्रायव्हर "कधी निघायलाव साहेब?" म्हणाला की हे गाडीत बसण्याआधी त्याच्याकडून 'निघायचं आहे' म्हणवून घेतात. मुंबईच्या भाचीने "मामा, मी आली" म्हटलं, तर ती आल्याचा आनंद क्रियापद दुरुस्त झाल्यावर.

सर्वांत जुनी विद्यार्थिनी घरातच आहे. वहिनींचं माहेर परतवाड्याचं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या आतून म्हणाल्या, "थांबा, चहा करून राहिले ना." तेव्हापासून शिकवणी सुरू आहे. वहिनींनी फक्त एकदा उलट उत्तर दिल्याचं ऐकिवात आहे: "आमच्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, तेव्हा तुमचा शनिवारवाडा उठायला साडेचारशे वर्षं होती!" हिशोब बरोबर आहे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही निघालंय. बहुभाषकराव म्हणाले, "'उठायला' नाही, 'बांधला जायला'."

कंपनीचा पहिला प्रकल्प कोरकूचा. संथाळी-मुंडारीच्या कुळातली ही भाषा मेळघाटात आणि पलीकडे मध्य प्रदेशात मिळून सात लाखांवर लोक बोलतात. मुलं घरून कोरकू घेऊन येतात आणि शाळेत समोर पुस्तकी मराठी. मधल्या दरीवर ॲप. दुभाषा शोधायला दिल्लीचा सल्लागार नेमला. दोन तिमाह्या अहवालात गेल्या. सासरे त्या वेळी इथेच होते, गॅलरीत पेपर वाचत. मेळघाटात वनपाल म्हणून अख्खी नोकरी काढलेला माणूस. धारणीच्या बाजारात कोरकूतच भाव करायचा. शेवटी नातवाने ही बातमी फोडली. जावई हादरले. सासऱ्यांनी चष्मा पुसला. "मले कोनी इचारलंच नाही, जावईबापू."

मग काय, मानधन ठरलं, ॲप झालं. कोरकू वाक्यं सासऱ्यांची आणि मराठी अर्थही त्यांचेच, पण ते जावयाने रात्री बसून शुद्ध केले. आश्रमशाळेत चाचणी झाली. कोरकू ऐकून पोरं खुदुखुदु हसली. खाली 'योग्य पर्यायाची निवड करावी' असं आलं आणि वर्ग गप्प. गुरुजींनी वऱ्हाडीत तेच सांगितलं, तशी पोरांनी पटापट बटणं दाबली.

दुसरा कुणी वरमला असता. बहुभाषकराव परतीच्या गाडीतच नवा प्रस्ताव लिहायला बसले: 'वऱ्हाडी: एक उपेक्षित वारसा'. रक्कम पहिल्यापेक्षा मोठी, आणि आवाजासाठी बाहेरचं माणूस नको, घरचंच अस्सल हवं, असा आग्रह. रविवारी माइक लावला. वहिनींना समोर बसवलं आणि म्हणाले, "हं, तुझं ते माहेरचं बोल. अगदी मोकळेपणाने."

वहिनींनी पदर सारखा केला, माइककडे पाहिलं आणि एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाल्या, "अहो, मी चहा करते आहे. आपण घेणार आहात का?"