भौगोलिक कारणे द्या

'तमिळनाडूत हिवाळ्यात पाऊस पडतो. भौगोलिक कारणे द्या.' हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी सोडवला आहे. उत्तरही सगळ्यांना तोंडपाठ होतं. वारे दिशा बदलतात, ईशान्येकडून वाहू लागतात, बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात आणि तमिळनाडूत रिकामं करतात. पैकीच्या पैकी गुण. पेपर संपला, दप्तर बंद. पुढे ही मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली आणि ऑक्टोबर हीटला कंटाळून ती दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब उटी-कुन्नूरला जाऊ लागली. तिथे रेनकोट नसल्यामुळे डोक्यावर हॉटेलचा टॉवेल घेऊन ती एकमेकांना विचारतात, "या दिवसांत पाऊस कसा काय?"

आपली पावसाबद्दलची समजूत फार घरगुती आहे. तो मृगाला येतो, गणपतीत भिजवतो, नवरात्रात रेंगाळतो आणि हस्त संपता संपता निघतो. परतीचा पाऊस गेल्याची बातमी पेपरात आली की छत्र्या माळ्यावर जातात. महाराष्ट्रातून गेला म्हणजे देशातून गेला, असा आपला हिशेब. साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास दक्षिणेत दुसरा पावसाळा सुरू होतो, तमिळनाडूचा वर्षभरातला जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो आणि तिथली माणसं ऐप्पसी या तमिळ महिन्यात झडीच्याच तयारीत असतात, हे सगळं त्यांचं त्यांच्यापाशी. आपण पॅकेजचे पैसे भरलेले असतात.

आमच्या साडूंनीही भरले होते. साडू म्हणजे सहलीचे स्वयंभू मुख्यमंत्री. त्यांनी पॉइंटांचा तक्ता केला होता. सिम्स पार्क, लॅम्ब्ज रॉक, डॉल्फिन्स नोज, दोड्डबेट्टा, बोटॅनिकल गार्डन, उटीचं तळं. प्रत्येकापुढे मिनिटं आणि 'झालं' असं लिहायला चौकोन. मोबाइलवर हवामानाची निरनिराळी ॲप होती आणि त्यातलं जे ऊन दाखवेल ते विश्वासार्ह, असं त्यांचं धोरण होतं. पायथ्याशी मेट्टुपालयमला गाडीत बसल्या बसल्या त्यांनी ड्रायव्हरला हिंदीत विचारलं, "बारिश कब रुकेगी?" ड्रायव्हर मूळचा कुन्नूरचा. त्याने वायपर सुरू केला, क्षणभर विचार केला आणि अदबीने सांगितलं, "साब, जनवरी."

खरं तर आम्ही त्या गाडीत असायलाच नको होतं. आमचं आरक्षण डोंगरी रेल्वेचं होतं. ही रेल्वे १८९९ मध्ये मेट्टुपालयम ते कुन्नूर धावू लागली, १९०८ मध्ये उटीला पोहोचली आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ४६ किलोमीटर, १६ बोगदे, २०८ वळणं. कल्लार ते कुन्नूर चढ इतका उभा की रुळांच्या मधोमध दाते बसवले आहेत आणि इंजिन त्या दातांत चाक अडकवून वर चढतं. हे सगळं आमच्या चिरंजीवांनी पाठ केलं होतं, त्यामुळे आम्हालाही झालं होतं. त्यांच्या मावशीला एकच गोष्ट माहीत होती. 'दिल से'मध्ये शाहरुख याच गाडीच्या टपावर नाचला होता. पण ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की याच टप्प्यात रुळांवर माती आणि धोंडे येतात आणि गाडी बंद ठेवावी लागते. हे जवळपास दर वर्षी होतं. साडूंना मात्र तो आपल्याविरुद्ध रचलेला कट वाटला. स्टेशनवर जाऊन त्यांनी उभ्या डब्यासमोर सगळ्यांचे फोटो काढले, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि तक्त्यात लिहिलं, 'झालं'.

मग घाट. चौदा हेअरपिन वळणं. त्याआधी चेकनाका. निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे. पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, सगळंच. नाक्यावरच्या बाईंनी आमच्या गाडीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मराठी कुटुंब दिवाळीत प्रवासाला निघतं तेव्हा त्याच्याजवळ किती पिशव्या असतात, याचा अंदाज त्यांना त्या दिवशी आला असावा. चकल्यांची पिशवी, चिवड्याची पिशवी, चिवड्याची पिशवी फुटली तर म्हणून बाहेरची पिशवी, ओल्या टॉवेलांची, चपलांची आणि घाटात लागेल म्हणून सासूबाईंनी हाताशी ठेवलेला उलटीच्या पिशव्यांचा गठ्ठा. सगळ्या जमा झाल्या. चकल्या वर्तमानपत्रात बांधल्या गेल्या. उलटीचं काय, हा प्रश्न चिरंजीवांनी सहाव्या वळणावर स्वतःच सोडवला. त्यासाठी साडूंचा पॉइंटांचा तक्ता कामी आला.

वर धुकं होतं. उटी २,२४० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सुमारे ६०० मीटर उंच. एवढ्या उंचीवर पावसाळ्यात ढग पाहायला मान वर करावी लागत नाही, ते खिडकीतून आत येतात. लॅम्ब्ज रॉकला आम्ही ढग पाहिले. डॉल्फिन्स नोजला तेच ढग दुसऱ्या बाजूने पाहिले. पाटीमुळे पॉइंट कळत होता, म्हणून सगळे पाटीबरोबर फोटो काढत होते. दोड्डबेट्टा हे निलगिरीतलं सर्वांत उंच शिखर, २,६३७ मीटर. तिथे दुर्बीण आहे. बाहेर हातभर अंतरावरचा माणूस दिसत नव्हता, पण दुर्बिणीसमोर रांग होती आणि रांगेत निम्मं मराठी ऐकू येत होतं. साडूंनी तिकीट काढलं, डोळा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"काय दिसतंय?" मेहुणीने विचारलं.

"स्पष्ट नाही. पण दिसतंय," साडू म्हणाले.

पैसे भरल्यावर काहीच दिसलं नाही असं म्हणणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे.

त्या सहलीतला सर्वांत लोकप्रिय पॉइंट ठरला चहाचा कारखाना, कारण त्याला छप्पर होतं. बाहेर बसगाड्यांची रांग, आत ओल्या माणसांचा वाफाळलेला जमाव. पानं सुकवतात कशी, चुरडतात कशी, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे त्या उबेला आले होते. शेवटी दुकान. चॉकलेटी चहा, वेलचीचा चहा, नीलगिरीचं तेल, घरगुती चॉकलेट आणि वर्की नावाचं पापुद्र्यांचं खुसखुशीत बिस्किट. पावसामुळे बुडालेल्या प्रत्येक पॉइंटाची भरपाई मेहुणीने तिथे खरेदी करून घेतली. पर्यटन खात्याने या उद्योगाला ढगांमुळे मिळणाऱ्या मदतीचा एकदा अभ्यास करायला हरकत नाही.

हॉटेलात वेगळीच आणीबाणी होती. मराठी प्रवाशाची वाळवणाची सगळी यंत्रणा पंख्यावर उभी असते. रात्री कपडे धुवायचे, खुर्चीवर पसरायचे, पंखा पाचवर, सकाळी कडक. उटीतल्या खोल्यांना पंखे नसतात. लागतच नाहीत. सासूबाईंनी छताकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच परमुलखात आल्याची भावना उमटली. मोजे टीव्हीच्या मागे गेले, बनियन गिझरच्या नळीवर, चिरंजीवांची पँट इस्त्रीखाली. हेअर ड्रायर आळीपाळीने सगळ्यांना मिळाला, केस सोडून बाकी सगळ्यासाठी. आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या चकल्या सादळल्या. चिवडा सादळला. शंकरपाळे तेवढे टिकले, कारण ते सासूबाईंनी केले होते आणि ते कुठल्याही हवामानात तुटत नाहीत.

नरक चतुर्दशीला साडूंनी पहाटे सहाला निघायचं फर्मान काढलं होतं. ड्रायव्हर आठला आला. नवा शर्ट, केसांना तेल, कपाळावर विभूती. तमिळनाडूत मुख्य दिवाळी याच दिवशी. पहाटे तेल लावून न्हायचं, नवे कपडे घालायचे, घरच्यांबरोबर फराळ करायचा आणि मग कामावर. साडू घड्याळाकडे बोट दाखवून त्याला जाब विचारू लागले. सासूबाईंनी आयुष्यभर सगळ्या घराला काळोखात उठवून उटणं लावलं आहे. त्यांनी जावयाला पहिल्यांदाच अडवलं. "अहो, सणाचा दिवस आहे त्याचा. तुम्ही तरी कुठे आंघोळ केलीत अजून?" मग त्यांनी ड्रायव्हरला वर्तमानपत्रातली चकली दिली. "सादळली आहे, पण घे." त्याने ती मनापासून खाल्ली आणि गाडीतून स्टीलचा डबा आणला. घट्ट झाकण. आत घरचा मुरुक्कू. त्याच पावसात, त्याच धुक्यात, कुरकुरीत. कुन्नूरच्या बाईला ऐप्पसी महिन्यात तळण कशात ठेवायचं ते ठाऊक होतं. आम्हाला भूगोलात पैकीच्या पैकी होते.

परतताना गाडीत रिफंडची चर्चा सुरू झाली. साडूंचा मुद्दा कायदेशीर होता. पॅकेजमध्ये 'साइट सीइंग' लिहिलं होतं, साइट दिसली नाही, म्हणजे सेवेत त्रुटी. पाऊस कुठेही नमूद नव्हता. हेच साडू जुलैत लोणावळ्याला भिजायला जातात. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसायला मिळावं म्हणून घाटात तासन्‌तास गाडी उभी करतात, दिसत काही नाही तरी टायगर पॉइंटला जातात, कणीस खातात, भजी खातात आणि 'काय वातावरण आहे!' म्हणतात. तोच पाऊस, तेच धुकं, तोच सह्याद्रीचा सांगाती डोंगर. फरक एवढाच की लोणावळ्याचा पाऊस आपल्या कॅलेंडरात छापलेला आहे आणि उटीचा दुसऱ्यांच्या.

निलगिरीच्या डोंगरांना पावसाळे दोन आहेत. पश्चिमेच्या गुडलूरकडच्या उतारांवर आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर, पूर्वेच्या कुन्नूर-कोटागिरीकडे दिवाळीनंतरचा जोर. ऑगस्ट २०१९ मध्ये निलगिरीतल्या अॅव्हलांशला एका दिवसात ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ चा ९४४ चा आकडा आठवावा. नोव्हेंबर २००९ मध्ये उटी, कुन्नूर आणि कोटागिरी भागात शेकडो ठिकाणी दरडी आल्या आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा आम्ही 'व्हॅली व्ह्यू'साठी जादा पैसे मोजतो तो प्रकार नीट समजून घ्यायला हवा. दरीचा देखावा खिडकीत यायचा तर खिडकी दरीच्या कडेला लागते. त्यासाठी उतार कापावा लागतो, झाडं जातात, मातीला धरून ठेवणारी मुळं जातात आणि पावसात तोच उतार खाली येतो. आम्ही त्या खोलीत बसून पावसाला शिव्या घालतो. धुक्यामुळे दरी न दिसल्याचे पैसे परत मागतो. दरी जागेवर राहण्यासाठी काही कमी घ्यावं, असं मात्र कुणी म्हणत नाही. 'व्ह्यू'शिवाय खोली घेतली तर सोसायटीत सांगणार काय?

निलगिरीचा पाऊस पर्यटकांची गैरसोय व्हावी म्हणून पडत नाही. चहा त्याच्यावर आहे. उटीची गाजरं, बटाटे, कोबी त्याच्यावर आहेत. वरची गवताळ पठारं आणि खोलगटातली शोला जंगलं पाणी धरून ठेवतात आणि ते सावकाश खाली सोडतात. त्यातून निघालेली भवानी नदी पुढे कावेरीला मिळते. आम्ही ज्या धुक्याला 'काहीच दिसलं नाही' म्हणतो, त्यातूनच हे डोंगर पाणी शोषून घेतात. पण त्याला पॉइंट म्हणत नाहीत, तिकीट नाही, पाटी नाही. मग फोटो कशाबरोबर काढायचा?

तेव्हा दिवाळीत निलगिरीला जाणाऱ्या सगळ्या साडूंना सूचना. छत्र्या माळ्यावरून काढा. फराळ स्टीलच्या डब्यांत भरा, नाक्यावर अपमान होणार नाही. डोंगरी रेल्वेचं तिकीट मिळालं तर आनंद माना आणि गाडी रद्द झाली तरी रेल्वेशी भांडू नका. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो, तो आधी काढा. पॉइंट निम्मे करा आणि उरलेल्या वेळात खिडकीशी बसून गरम कॉफी प्या. ड्रायव्हरला त्याच्या दिवाळीला सुटी द्या. आणि कोरडं, निळं आकाशच हवं असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. तेव्हा मुलांच्या शाळा चालू असतील, त्यामुळे तुम्ही जाणार नाही आणि त्या डोंगरांनाही वर्षातून दोन महिने जरा विश्रांती मिळेल.